चुन्याची डबी

आज पोया, पौर्णिमा. खाणीवर कोणी नाही.
पंपही गप्प, म्हणजे खड्ड्यात आता
पाणी हळूहळू आपल्या जागी परत चढत असेल.
मी पांढरं सारोंग नेसून विहारात बसलोय,
गुडघे कुरकुरतायत,
आणि भंते सांगतायत पहिलं सत्य : दुःख आहे.
“हे कळायला पौर्णिमा कशाला लागते,”
शेजारी पोडिनेरिस पुटपुटतो.

भंते माझ्या नातवाच्या वयाचे.
त्यांनी टोपली कधी फिरवलेली नाही.
मी फिरवली, बेचाळीस वर्षं,
कमरेएवढ्या गढूळ पाण्यात, गोल, गोल,
माती जाऊ दे, वाळू जाऊ दे,
हलकं ते सगळं वाहून जाऊ दे.
आणि दर टोपलीच्या तळाशी
काही नाही.
त्या काही-नाहीवर वाकून बघताना
दर खेपेला छाती तश्शीच धडधडायची,
पहिल्या दिवशीसारखी.
ती धडधड म्हणजेच तृष्णा.
हे भंते म्हणत नाहीत. मी म्हणतो.

एकदा मात्र होतं.
चवळीच्या दाण्याहून थोडं मोठं, निळं.
हिस्सेदार आम्ही सात : जमीनमालक, पंपवाला,
आणि खाली उतरणारे पाच.
हेंद्रिक माझ्या पाठीशी विडी पेटवत होता.
आगपेटी ओली, म्हणून नजर आगपेटीवर.
तेवढाच वेळ.
खडा माझ्या गालात गेला, सुपारीच्या जागी.

सहा जणांना चुना लावला तो असा,
आणि खडाही ठेवला तो चुन्यातच,
पितळी डबीत, तळाशी, पांढऱ्या चिखलात बुडवून.
अकरा वर्षं.

विकला नाही. विकणार कुणाला?
रत्नपुरातल्या दलालांना
कुणाच्या घरात मीठ किती, तेही ठाऊक असतं.
उजेडात धरून पाहिलासुद्धा नाही.
रात्री बोट बुडवायचं, लागला की झोपायचं.
बोटाचं टोक सोललं, तरी रोज.
कुत्रं भुंकलं, की डबी.
पोस्टमन आला, की डबी.
बायको एकदा म्हणाली, “अहो, जरा चुना द्या.”
असा खेकसलो तिच्यावर,
की तिनं पान खाणंच सोडलं. मरेपर्यंत.

धरून ठेवणं म्हणजे उपादान, भंते सांगतात.
शब्द केवढा मोठा.
डबी एवढीशी होती.

मग एका ऑक्टोबरात खड्डा ढासळला.
रबराचे वासे, भिंतींना खोचलेला नेचा,
कशानंच काही धरलं नाही.
हेंद्रिकला वर काढायला दीड दिवस लागला.
त्याची उजवी मूठ मिटलेली होती.
मी ती उघडली.
सगळ्यांसमोर, रडत रडत, एकेक बोट सोडवून,
आत काही आहे का ते पाहिलं.

खडी होती. साधी.

तीन महिन्यांच्या दानाला गेलो, तेव्हा
त्याच्या मुलीच्या, कुसुमलताच्या हातात डबी दिली.
“मी पान खात नाही, मामा.”
“बोट घाल,” म्हटलं.
तिनं घातलं. कधीचा, कुठला, विचारलं नाही.
नुसती बघत राहिली, खड्याकडे नाही,
माझ्या बोटाच्या सोललेल्या टोकाकडे.
तिच्या घरावर आता कौलं आहेत.

ओझं उतरलं, असं मी म्हणायला हवं.
पण हे बोट अजून रात्री
उशीखाली अंधार चाचपतं.

भंते तिसऱ्या सत्यापाशी आलेत :
थांबतं. हे सगळं थांबू शकतं.
मी कान टवकारतो. चार सत्यांपैकी
दोनच माझ्या ओळखीची.
एवढ्यात पोडिनेरिस,
त्या पाचांतला एक, ज्याला अजून काही ठाऊक नाही,
पान पुढे करत हळूच विचारतो,
“चुना आहे का रे?”

आहे. नवी डबी, प्लास्टिकची.
आत चुन्याशिवाय काही नाही.
तरी देताना
हात क्षणभर मागे येतो.